पीडीएफ पुढे पाठवली की लेखकाचं नेमकं काय बुडतं?

कोथरूडच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वाचनप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ सतत येत असतात, त्याही चार जणांना पुढे पाठवतात. त्यांचं म्हणणं असं, की हे लोक एरवीही ती पुस्तकं विकत घेणार नव्हतेच. मग यात लेखकाचं खरंच काही बुडतं, की हा प्रकाशकांचा नेहमीचा कांगावा?

मी पुण्यात मराठी पुस्तकं छापतो. म्हणजे कांगावा करणाऱ्यांच्याच पंगतीतला. तरी प्रामाणिक उत्तर द्यायचं तर बहुतेक ललित पुस्तकांच्या बाबतीत लेखकाचं फारसं बुडत नाही, कारण बुडावं एवढं त्याला मुळात मिळतच नसतं. काही पुस्तकांच्या बाबतीत मात्र सपाटून बुडतं. ही दोन टोकं कशी पडतात हे समजायला एकच गोष्ट आधी विचारावी लागते: त्या माणसाला पैसे नेमके कशाचे मिळतात? विकल्या गेलेल्या प्रतीचे, एकरकमी, प्रयोगाचे, की हक्काचे?

आधी साधी कादंबरी किंवा कथासंग्रह घेऊ. दोनशे पानांचं पुस्तक, छापील किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची. रॉयल्टी समजा दहा टक्के. म्हणजे प्रतीमागे ३० रुपये आणि अख्खी आवृत्ती संपली तर लेखकाला ३०,०००. ही आवृत्ती संपायला तीन वर्षं लागली तर फार वाईट झालं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वर्षाला दहा हजार. आता प्रकाशकाची बाजू बघा. विक्रेता-वितरकाचं कमिशन चाळीस टक्के धरलं तर १८० रुपये हातात येतात, त्यातून रॉयल्टी वजा जाता १५०. छपाई-बांधणी प्रतीला ९० धरली तर ९०,००० आधीच गेलेले असतात, शिवाय अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३५,०००. एकूण सव्वा लाख. भागिले १५०. म्हणजे ८३३ प्रती विकल्यावर खर्च निघतो आणि त्यापुढच्या १६७ प्रतींवर जी काही कमाई व्हायची ती होते: पंचवीस हजार. गोडाऊनचं भाडं आणि माणसांचे पगार यात धरलेलेच नाहीत. आकडे मी समजुतीसाठी गोल केलेत, पण अप्पा बळवंत चौकात कुणालाही विचारा, चित्र याच्या आसपासचंच सांगतील.

आता या पुस्तकाची पीडीएफ फिरली असं समजा. चार हजार फोनांवर उतरली. पीडीएफ उतरवणारे आणि ती वाचणारे यांच्यात फार मोठं अंतर असतं; बहुतेकांनी ती उघडलेलीही नसते. दहातल्या एकाने खरोखर वाचली असं धरू, म्हणजे ४०० वाचक. यातले पाचातला एक एरवी पुस्तक घेणार होता असं माना. ८० प्रती गेल्या. लेखकाचे बुडाले २,४००. प्रकाशकाचे १२,०००, म्हणजे त्या आवृत्तीवरच्या कमाईतला जवळजवळ निम्मा भाग.

तुमच्या प्रश्नाचं मर्म या आकड्यांत आहे. लेखकाच्या खिशातून गेलेली रक्कम किरकोळ दिसते आणि त्यामुळे ‘काय एवढं’ असं वाटतं. पण त्या ८० प्रती टोकावरच्या असतात. दुसरी आवृत्ती काढायची का, याच लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायचं का, ई-बुक करण्यात वेळ घालवायचा का, हे निर्णय त्या शेवटच्या शंभर-दीडशे प्रतींवर होतात. लेखकाला ते कधीच ‘पीडीएफमुळे नुकसान’ म्हणून दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की प्रकाशक हल्ली फोन उचलत नाही.

‘पाचातला एक’ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, पण तो मराठी पुस्तकांचाही नाही. राफाएल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांचं गाणी उतरवणं तपासलं होतं. २००६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात साधारण पाच डाउनलोडमागे एक खरेदी कमी होते असा अंदाज निघाला. पुढच्याच वर्षी ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी अल्बमच्या विक्रीवर होणारा परिणाम जवळपास शून्य आहे असं मांडलं, आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांची जी जुंपली ती बरीच वर्षं चालली. युरोपियन कमिशनने करवून घेतलेला एक मोठा अहवाल २०१७ मध्ये उजेडात आला. त्यात नव्या गाजलेल्या चित्रपटांच्या बाबतीत दहा बेकायदा पाहण्यांमागे चार कायदेशीर पाहणी कमी होतात असं दिसलं. पुस्तकं, संगीत आणि गेम यांच्याबाबत मात्र ठाम पुरावा मिळाला नाही. दोन्ही बाजूंचे लोक या अहवालातलं आपल्याला हवं ते वाक्य उचलतात. मलाही तो मोह होतो.

पुस्तकांपुरतं बोलायचं तर तीन अभ्यास मला जास्त कामाचे वाटतात. इम्के रायमर्स यांनी पाहिलं, की प्रकाशकांनी जालावरच्या चोरट्या प्रती नेटाने काढायला लावल्या तेव्हा त्या पुस्तकांच्या ई-बुकची विक्री किमान चौदा टक्क्यांनी वाढली, कागदी पुस्तकांच्या विक्रीत मात्र फरक पडला नाही. वॉर्सॉमधल्या संशोधकांनी पोलिश प्रकाशकांना बरोबर घेऊन प्रयोगच केला. काही पुस्तकांच्या चोरट्या प्रती शोधून काढून टाकायच्या, काहींच्या तशाच राहू द्यायच्या. विक्रीत नाव घ्यावं असा फरक आढळला नाही. आणि जपानच्या तात्सुओ तानाका यांनी कॉमिक्स तपासली. चालू असलेल्या मालिकांना चोरट्या प्रतींनी फटका बसत होता, पूर्ण होऊन मागे पडलेल्या मालिकांची विक्री उलट वाढत होती. शेवटचा निष्कर्ष माझ्या दुकानदारीच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. वीस वर्षांपूर्वीच्या, कुणाच्या लक्षातही नसलेल्या पुस्तकाची पीडीएफ फिरायला लागली की दोन-तीन महिन्यांनी ‘त्या पुस्तकाची प्रत आहे का हो?’ असे फोन येतात. कालच प्रकाशन झालेल्या पुस्तकाबाबत असं होताना मी पाहिलेलं नाही. नव्या पुस्तकाची मागणी पहिल्या सहा महिन्यांत असते. दिवाळीच्या आसपास काढलं असेल तर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणाऱ्या पुस्तक महोत्सवापर्यंतच त्याचा जोर. तेवढ्या काळात पीडीएफ आली तर ती मागणीच्या जागीच येऊन बसते.

रायमर्स यांच्या निष्कर्षातून आपल्याकडची आणखी एक गोष्ट कळते. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरीस आली. ई-बुकला छपाई नाही, गोडाऊन नाही, परतीचा माल नाही, त्यामुळे लेखकाला टक्केवारीही जास्त देता येते. लेखकाचं उत्पन्न वाढण्याची खरी शक्यता तिथे होती. आणि फुकट पीडीएफची थेट स्पर्धा कागदाशी नसून नेमकी ई-बुकशी आहे. फोनवर वाचायला तयार असलेला वाचक दोन्हीकडे तोच. मराठी ई-बुक रडतखडत चालतं याला इतर कारणंही आहेत, त्यात आमचा आळस मोठा आहे. पण हे कारण छोटं नाही.

आता दुसरं टोक. शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठ या भागात फिरलात तर अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सची दुकानं यांच्यात एक हातसुद्धा मोकळी भिंत सापडणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा लेखक हा मराठीत लिहून पोट भरू शकणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक. त्याचं पुस्तक वर्षभर चालतं, पुढच्या वर्षी चालू घडामोडी बदलल्या की रद्दी. घेणाऱ्याला त्यातून फक्त मजकूर हवा असतो. हातात धरण्याचा आनंद, कपाटात लावण्याची हौस, लेखकाची सही, यातलं काहीच नको असतं. त्यामुळे पीडीएफ ही त्या पुस्तकाची शंभर टक्के बदली ठरते. ग्रुपमधला एक जण पुस्तक घेतो, स्कॅन करतो, टेलिग्रामवर टाकतो आणि पुढे स्पायरल बाइंडिंग करून अर्ध्या किमतीत मिळायला लागतं. टेलिग्रामच्या एका ग्रुपात दोन लाख माणसं मावतात आणि चॅनेलला तर मर्यादाच नाही. एका कोचिंगच्या शिक्षिकेने आपली व्याख्यानं आणि पुस्तकं अशी फिरवली जातात म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात टेलिग्रामला खेचलं होतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने त्या चॅनेलांमागच्या लोकांची माहिती द्यायला लावली.

‘पण ती मुलं गरीब असतात’ हे मला मान्य आहे. लातूर-नांदेडहून आलेला मुलगा खोलीचं भाडं आणि मेस भरून महिन्याला किती पुस्तकं घेणार? त्याने अभ्यासिकेतल्या मित्राचं पुस्तक घेऊन चाळीस पानं झेरॉक्स केली तर माझी त्यावर तक्रार नाही, आणि कायद्याचीही फारशी नसते. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी, अभ्यास-संशोधनासाठी वाजवी प्रमाणात नक्कल करायला मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमापुरत्या संचांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटला सोडून दिला. ही मुभा अभ्यासासाठी लागणाऱ्या मजकुराची आहे. अख्खं पुस्तक दोन लाख लोकांच्या चॅनेलवर टाकणं तिच्यात बसत नाही.

नाटककाराचा हिशोब आणखी निराळा. नाटकाचं पुस्तक विकून मराठीत कुणी नाटककार जगलेला मला माहीत नाही. त्याचं उत्पन्न प्रयोगाच्या मानधनातून येतं. त्यामुळे संहितेची पीडीएफ फिरली तर त्याचं भलंच होऊ शकतं: सांगलीच्या किंवा अकोल्याच्या हौशी संस्थेला नाटक वाचायला मिळतं, आवडतं, ती परवानगी मागते, मानधन देते. पुस्तकाच्या चार प्रती खपून जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट एका प्रयोगातून येतं. पण हे होण्यासाठी शेवटची पायरी घडावी लागते, आणि ती बऱ्याचदा घडत नाही. पीडीएफमध्ये पहिली दोन पानं, म्हणजे जिथे ‘प्रयोगाच्या परवानगीसाठी पत्ता’ असतो तीच, नेमकी गायब असतात. मग मंडळी नाटकाचं नाव बदलतात, दोन पात्रं कमी करतात आणि तिकीट लावून प्रयोग करतात. हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या प्रेक्षकांसमोर नाटक केलं तर कायदा त्याला सवलत देतो. सोसायटीच्या गणपतीत मुलांनी एकांकिका केली म्हणून कुणी नाटककार दारात येणार नाही. तिकीट लावलं की मात्र ती सवलत संपते. तुमच्या ग्रुपवर नाटकाची पीडीएफ आली तर पुढे पाठवताना खाली लेखकाचा किंवा प्रकाशकाचा संपर्क तेवढा लिहा. प्रती विकल्या जाण्यापेक्षा नाटककाराला त्याचा जास्त फायदा होईल.

दिवाळी अंकातल्या कथेचं तिसरंच. कथालेखकाला मानधन एकदाच मिळतं आणि ते अंक किती खपला यावर अवलंबून नसतं. तुम्ही कथेची पानं मैत्रिणीला पाठवलीत तर लेखकाचा एक रुपयाही जात नाही. पुढेमागे संग्रह निघाला तर उलट ओळखीचा वाचक तयार असतो. संपादकाचं नुकसान होत असेल, पण त्याचा अंक बहुतांशी जाहिरातींवर उभा असतो.

जिथे नुकसान कुणाला दिसतच नाही अशी जागा म्हणजे ऑडिओ. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि ज्यांच्या कागदी आवृत्त्या थंड पडल्या होत्या अशा मराठी लेखकांनाही ऑडिओ हक्कांचे पैसे मिळू लागले. मराठी लेखकाला गेल्या काही वर्षांत मिळालेलं हे खरोखर नवं उत्पन्न. पण हक्क विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो: हे आधी कुठे आहे का? कुणीतरी अत्यंत प्रेमाने, सुरेल आवाजात, मागे बासरी लावून अख्खा कथासंग्रह यूट्यूबवर वाचून ठेवलेला असतो. खाली ‘अभिवाचनाचा छोटासा प्रयत्न’ असं नम्रपणे लिहिलेलं. वाचणाऱ्याला त्यातून दमडी मिळालेली नसते, हेतूही वाईट नसतो, आणि लेखकाचा सौदा मात्र बारगळतो. पीडीएफपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. एखादी कथा वाचायची हौस असेल तर लेखकाला विचारा. बहुतेक लेखक एका कथेला आनंदाने हो म्हणतात.

मग वाचनालयाचं काय, असं तुम्ही विचाराल. एक प्रत शंभर जण वाचतात, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. बरोबर आहे, आणि पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून हेच करत आलं आहे. फरक असा, की ती प्रत विकत घेतलेली असते, एका वेळी एकाच घरात असते आणि पाच-सात वर्षांत पानं सुटून पुन्हा घ्यावी लागते. महाराष्ट्रातली अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालयं हा मराठी प्रकाशनाचा पाया आहे. ग्रंथालयांची खरेदी थांबली तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना शटर खाली ओढावं लागेल. ब्रिटनमध्ये १९७९च्या कायद्याने वाचनालयातून पुस्तक नेलं गेलं की लेखकाला सरकारकडून थोडी रक्कम मिळते. आपल्याकडे अशी सोय नाही. लेखकाच्या उत्पन्नाची एवढी कळकळ असलेल्या साहित्य संमेलनांनी दरवर्षीच्या ठरावांत ही एक मागणी लावून धरली तर फार उपयोग होईल, पण ते असो.

आणि आमच्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर कांगाव्याचा आरोप खराच ठरेल. मराठी लेखकाचं उत्पन्न ज्या वाटांनी गळतं त्यांत पीडीएफचा नंबर बराच खाली लागतो. वर्षाअखेरीला रॉयल्टीचा लेखी हिशोब न मिळणारे लेखक शेकड्याने आहेत. आवृत्ती ५०० ची की १,१०० ची हे करारात नसतं, कधीकधी करारच नसतो. पुष्कळ कवी तर स्वतःच पैसे घालून पुस्तक काढतात. त्यांच्या कवितांची पीडीएफ फिरली तर त्यांना पेढे वाटावेसे वाटतात, आणि त्यांचं चुकत नाही. फूटपाथवर मिळणाऱ्या गाजलेल्या पुस्तकांच्या नकली प्रती हा तर सरळ छापखाना लावून केलेला व्यापार आहे. त्याचा आणि तुमच्या ग्रुपचा काही संबंध नाही, जरी भाषणांत दोन्ही एकाच दमात ठोकून काढतात.

कायद्यात उगाच घाबरवण्यासारखं बरंच आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड. त्यातच पुढे असंही म्हटलंय, की धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. वाचनप्रेमींच्या ग्रुपवर पोलीस आल्याचं माझ्या ऐकिवात नाही, येऊही नयेत.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगतो. पुस्तक गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं असेल, किंवा त्याचं ई-बुक मिळत असेल, तर पीडीएफ पुढे पाठवू नका. चार पानांचे फोटो काढून ‘हे वाचा, छान आहे’ असं लिहिलंत तर लेखकाला आणि मला दोघांनाही हवंच आहे. स्पर्धा परीक्षेचं असेल तर अजिबात नको. लेखक जाऊन साठ वर्षं पूर्ण झाली आणि ते कॅलेंडर वर्ष संपलं, की लेखन सगळ्यांचं होतं: साने गुरुजी १९५०च्या जूनमध्ये गेले, म्हणून २०११च्या १ जानेवारीपासून त्यांचं लेखन कुणीही छापावं, कुणीही पाठवावं. गंमत म्हणजे ‘श्यामची आई’ तेव्हापासून फुकट वाचता येते आणि तरी वेगवेगळे प्रकाशक ती आजही छापतात, विकतात.

राहता राहिली मधली पुस्तकं, म्हणजे हक्क शाबूत आहेत पण बाजारात प्रत कुठेच नाही अशी. तुमच्या ग्रुपवर फिरणाऱ्यांत हीच जास्त असणार, असा माझा अंदाज. अशा पुस्तकाची पीडीएफ पाठवल्याने आज कुणाचं काही जात नाही, हे खरं आहे. पण पाठवण्याआधी लेखकाला किंवा वारसांना एक फोन करून बघा. बऱ्याचदा करार केव्हाच संपलेला असतो आणि हक्क परत त्यांच्याकडे आलेले असतात, हे त्यांनाच माहीत नसतं. हल्ली पन्नास प्रतीसुद्धा मागणीनुसार छापून मिळतात. प्रत महाग पडते, पण पन्नास घेणारे असतील तर काम होतं. तुमच्या ग्रुपमध्ये किती जण आहेत?